आधी चिमटे बघा, मग पोट

मृगाचा पहिला दणका पडून दोन-चार दिवस झाले की नागपूरच्या आसपासच्या बरडांवर इंगळ्या, म्हणजे मोठे काळे विंचू, दिसायला लागतात. वाघ बघायला गेलेला माणूस वाघ न बघता परत येतो. इंगळी बघायला गेलेला सहसा रिकाम्या हाताने येत नाही. फक्त ते हात खरोखर रिकामे ठेवायचे, एवढं पथ्य पाळायचं.

रामटेकच्या पलीकडे एका शेताच्या धुऱ्यावर आम्ही संध्याकाळी वाकून बिळं बघत होतो. शेतमालक आजोबांची परवानगी घेतली होती, तरी ते लांबून बघत उभे होते. शेवटी राहवेना, तेव्हा जवळ आले. "इच्चू पाहाले आले का जी तुम्ही?" हो म्हटल्यावर त्यांनी बजावलं, "लाल्याचं काही नाही, पण काळी इंगळी डसली का माणूस वाचत नाही."

नेमकं उलट आहे, आणि या गैरसमजापायी माणसं दगावू शकतात. म्हणून ओळख शिकायची ती इथूनच.

विंचू दिसला की रंग विसरा, चिमटे बघा. इंगळीचे चिमटे खेकड्यासारखे जाड आणि फुगीर असतात, त्यामानाने शेपटी बारीक. भक्ष्य चिमट्यांनीच चिरडता येतं, मग विषावर भिस्त कशाला? लाल विंचू, म्हणजे हॉटेन्टोटा टॅम्युलस, असतो बोटभर. त्याचे चिमटे काडीसारखे आणि शेपटी मात्र भरलेली. ताकद विषात आहे, हे त्याच्या बांध्यावरच लिहिलेलं असतं. रंग फसवतो, कारण लाल विंचू कधी पिवळट तर कधी तपकिरी निघतो, आणि नुकतीच कात टाकलेली इंगळीसुद्धा फिकट दिसते. राहण्याची जागाही थोडं सांगते. इंगळी मातीत बीळ खणते आणि बिळाचं तोंड उंदराच्या बिळासारखं गोल नसून आडव्या चंद्रकोरीसारखं असतं. लाल विंचू दगडाखाली, सालीखाली, भिंतीच्या भेगेत, आणि रात्री बाहेर ठेवलेल्या तुमच्या बुटात.

इंगळी एवढं ठरलं की पुढचा प्रश्न, कुठल्या जातीची? इथे भल्याभल्यांची फजिती होते. आशियातल्या या सगळ्या जंगली काळ्या विंचवांना वर्षानुवर्षं हेटेरोमेट्रस या एकाच कुळीत कोंबलेलं होतं. २०२० साली प्रेंडिनी आणि लोरिया यांनी त्या कुळीची वाटणी केली. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतली, अगदी टिकादार आणि बस्तवडे यांच्या १९८३ च्या भारतीय विंचवांवरच्या ग्रंथातलीही, या विंचवांची नावं आज बदलून वाचावी लागतात. भारतातली सगळ्यात मोठी इंगळी आता जायगँटोमेट्रस स्वामरडॅमी. पूर्ण वाढली की वीतभर, २० सेंटीमीटरच्या घरात. दख्खनच्या बऱ्याच जाती डेक्कनोमेट्रसमध्ये गेल्या. त्यातल्या झँथोपसच्या नावाचा अर्थच पिवळ्या पायांचा. फिप्सोनी हे नाव मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाची सुरुवातीची धुरा वाहणाऱ्या फिप्सन यांच्यावरून पडलं.

फोटोवरून जात सांगणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. चिमट्याचा पंजा गुळगुळीत की खरखरीत, त्यावर केस किती, पायांचा रंग काय, पोटाखालच्या फण्यांना दात किती, हे सगळं जुळवावं लागतं. त्यातलं निम्मं भिंगाखालीच कळतं. वहीत "इंगळी, पाय पिवळे, पंजा खरखरीत" एवढं लिहून ठेवलं तरी ते चुकीच्या लॅटिन नावापेक्षा मोलाचं.

नर-मादी मात्र भटक्यालाही ओळखता येते, आणि त्यातच खरी मजा आहे. विंचवाच्या पोटाखाली, पायांच्या शेवटच्या जोडीच्या जरा मागे, दोन फण्या असतात, आजीच्या केस विंचरायच्या फणीसारख्या. चालताना त्या जमिनीला घासत जातात, आणि जमिनीवरचा वास व पोत त्यातून विंचवाला कळतो. नराला मादीचा माग याच फण्यांनी काढायचा असतो, म्हणून त्याच्या फण्या लांब, दात मोठे आणि सहसा संख्येने जास्त. मादीच्या फण्या आखूड असतात आणि दोन्हींमध्ये चांगली फट असते. फण्यांच्या किंचित पुढे जननमार्गावरचं झाकणही बघा. नराचं लंबगोलाकडे झुकणारं, मादीचं रुंद, बदामासारखं. बांध्यावरूनही अंदाज येतो, कारण मादी अंगाने भरलेली असते. पण नुकतंच पोट भरलेला नरही जाडच दिसतो, तेव्हा फणीशिवाय निकाल देऊ नका. पिल्लांच्या बाबतीत तर फणीही दगा देते.

पोट बघायचं म्हणजे उचलायचं नाही. रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी आडवी ठेवा, लांब काडीने हलकेच आत वळवा, झाकण लावा, खालून फोटो घ्या आणि दोन मिनिटांत जिथे सापडली तिथेच सोडा. पाठीवर पांढुरकी पिल्लं असलेली मादी दिसली तर बरणी पिशवीतून काढूच नका. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण डोळ्यांनी बघायला मिळाली, तेवढं पुरे. पिल्लं आईला खातात म्हणतात, ते खोटं. विंचवीण जिवंत पिल्लं जन्माला घालते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती तिच्या पाठीवर राहतात.

दगड उलटायचा तर पलीकडची कड काठीने आपल्याकडे उचला, म्हणजे दगडच ढालीसारखा मध्ये राहतो. बघून झालं की तो होता तसाच ठेवा. रात्री अतिनील टॉर्च न्या. विंचवाचं कवच त्यात हिरवट-निळं चमकतं, पण नुकतीच कात टाकलेलं अंग चमकत नाही. साबणाने धुतलेला रुमालही तसाच चमकतो, तेव्हा धावू नका. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर या संरक्षित जंगलांत हे उद्योग करायचे नाहीत. गावाजवळचं बरड आणि शेतमालकाची परवानगी, हेच आपलं क्षेत्र.

आणि तरीही डंख बसलाच तर? इंगळीचा असेल तर आग होते, सूज येते, बहुतेकदा तेवढ्यावर निभावतं. लाल विंचवाचा असेल, किंवा कोणाचा ते कळलंच नसेल, तर वेळ मोजायला लागा. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला पाणी सुटणं, हातपाय गार पडणं ही हृदयावर ताण येत असल्याची चिन्हं. दुखतं किती यावर जाऊ नका. बांधायचं नाही, कापायचं नाही, मंत्राची वाट बघायची नाही. थेट दवाखाना, लहान मूल असेल तर चिन्हांची वाटही न बघता. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या दंशावर जीव वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. ते शिकले नागपूरच्याच मेडिकलमध्ये. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अर्थात गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरच ठरवतील.

त्या रात्री धुऱ्यावर एक मोठी इंगळी भरधाव चालताना सापडली. बरणीतला फोटो आजोबांना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"बाई हाय का बाप्या?"

फण्या लांब होत्या. बाप्या, म्हटलं.

"मंग रातभर काऊन फिरते?"

"बाई शोधाले, आजोबा."

आजोबा हसले आणि बरणीचं झाकण त्यांनी स्वतःच काठीने उघडलं.