औरंगाबादेत बसून अरबी कविता कोणासाठी?

प्रश्न : पानिपतावरची पुस्तकं वाचताना तळटीपांमध्ये 'खजाना-ए-आमिरा' या फारसी ग्रंथाचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं. त्याचे कर्ते गुलाम अली आझाद बिलग्रामी औरंगाबादेत राहत आणि त्यांची खरी ख्याती अरबी कवी म्हणून होती, असं नंतर कळलं. माझं कुतूहल दोन गोष्टींचं आहे. अठराव्या शतकात औरंगाबादेत बसून अरबी कविता लिहायची ती कोणासाठी? आणि अशा पंडिताला पानिपताशी काय देणंघेणं?
— एक वाचक, जालना

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नातली शंका रास्त आहे. निजामाच्या मुलखात दरबार चाले फारसीत, बाजार चाले दखनीत आणि मराठीत. अरबी होती ती मदरशात. कुराण, हदीस, न्यायशास्त्र, व्याकरण शिकायचं ते अरबीत. पण शेर रचायचा, वाहवा मिळवायची, नबाबाकडून खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, पदरात पाडायची तर भाषा फारसीच. अरबी कवितेला दाद देणारे औरंगाबादेत मूठभरही निघाले नसते. तरीही आझादांनी अरबीत एकामागून एक दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, रचले. प्रेषितांच्या स्तुतीच्या कसीद्यांमुळे त्यांना 'हस्सान-ए-हिंद' म्हणू लागले. हस्सान बिन साबित हे प्रेषितांचे समकालीन कवी. हे हिंदुस्थानातले हस्सान.

हे सगळं कोणासाठी, याचं थोडक्यात उत्तर असं : हिंदुस्थानाला अरबी विद्येच्या नकाशावर जागा मिळावी म्हणून. ही जिद्द त्यांच्यात कुठून आली ते समजायला त्यांचं आयुष्य थोडं पाहावं लागेल.

आझाद 1704 साली अवधातल्या बिलग्राम या कसब्यात जन्मले. आज हे गाव उत्तर प्रदेशाच्या हरदोई जिल्ह्यात आहे. गाव लहान, पण विद्वानांचं पीक अफाट. आजोबा (आईचे वडील) मीर अब्दुल जलील बिलग्रामी मोगलांच्या नोकरीत सिंधमध्ये वाकेनवीस, म्हणजे बातमीलेखक होते, शिवाय अनेक भाषांचे जाणकार. अरबी भाषेचा अवाढव्य कोश 'ताज-उल-अरूस' पुढे काहिरात सिद्ध करणारे मुर्तजा जबीदी यांचं मूळ याच बिलग्रामचं. आणि ब्रजभाषेत 'रसप्रबोध' लिहिणारे सय्यद गुलाम नबी 'रसलीन' हेही बिलग्रामचेच, आझादांचे समकालीन. म्हणजे या कसब्यातल्या सय्यदांच्या घरांत एका खोलीत हदीस चालायची आणि दुसऱ्या खोलीत नायिकाभेद, म्हणजे काव्यातल्या नायिकांच्या प्रकारांची चर्चा. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

शिक्षण आटोपल्यावर आझादांनी काही वर्षं सिंधमध्ये सेहवान इथे मामांच्या जागी सरकारी काम पाहिलं. मग 1737 मध्ये घरच्यांना न सांगता ते हजला निघाले. पैसा नव्हता. वाटेत माळव्यात निजाम-उल-मुल्क आसफजाहची छावणी लागली. हा तोच काळ, जेव्हा पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडलं होतं. त्या धामधुमीत आझादांनी एक रुबाई रचून निजामाला ऐकवली आणि हजच्या खर्चाची सोय झाली. एरवी त्यांनी अमीर-उमरावांची स्तोत्रं गायली नाहीत. ही रुबाई अपवाद. पुढे सुरतेहून जहाज पकडून ते अरबस्तानात पोचले.

मदिनेत त्यांनी मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे हदीसचं अध्ययन केलं. गुरू मूळचे सिंधचे, पण मदिनेतले मान्यवर अध्यापक. याच गुरूंच्या हाताखाली मुहम्मद इब्न अब्दुल वहाब हेही शिकले होते. त्यांच्या नावाची सुधारणावादी चळवळ पुढे अरबस्तानात उभी राहिली आणि तिने कबरींच्या पूजेविरुद्ध शस्त्र उचललं. आणि त्याच गुरूंचे हे दुसरे शिष्य दक्षिणेत येऊन खुलताबादच्या सुफी संतांची चरित्रं लिहू लागले. एका गुरूकडून हदीस शिकली म्हणून शिष्य एकाच वाटेने जातील असं नाही, याला याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

1739 मध्ये आझाद परतले आणि औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात उतरले. तकिया म्हणजे फकिरांचा मठ. तुम्ही पाणचक्की पाहिली असेल; तीच ही जागा. नहरीच्या पाण्यावर चालणारी ती चक्की साधारण 1744 ची, म्हणजे आझाद तिथे मुक्कामाला होते त्याच वर्षांतली. सातेक वर्षं ते त्या तकियात राहिले. पुढची चार दशकं दक्षिण हीच त्यांची कर्मभूमी झाली.

निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी त्यांचा स्नेह जडला. 1748 मध्ये नासिरजंग गादीवर बसला, तेव्हा मित्रांनी आझादांना आग्रह केला, आता एखादं मोठं पद पदरात पाडून घ्या. आझादांनी कुराणातल्या तालूत राजाच्या नदीचा दाखला दिला. तालूतच्या सैन्याला वाटेतल्या नदीचं ओंजळभर पाणी प्यायला मुभा होती, त्याहून जास्त प्यायले ते लढाईला नालायक ठरले. आझादांच्या लेखी दरबार ही तशी नदी होती. ओंजळ त्यांनी घेतली. नासिरजंगाबरोबर ते मोहिमेवरही गेले. 1750 च्या डिसेंबरात नासिरजंग जिंजीजवळ मारला गेला. आझाद औरंगाबादला परतले आणि लिहीत राहिले.

आता त्या ग्रंथाकडे येऊ, ज्यात तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. 'सुब्हत-उल-मर्जान फी आसार-ए-हिंदुस्तान', म्हणजे पोवळ्यांची जपमाळ, हिंदुस्थानाच्या पाऊलखुणांविषयी. 1763-64 मध्ये पुरा झालेल्या या अरबी ग्रंथाचे चार भाग आहेत.

पहिल्या भागात हदीस आणि कुराणभाष्यांत हिंदुस्थानाचे जे जे उल्लेख आहेत ते आझादांनी वेचून काढले. इस्लामी परंपरेत आदम स्वर्गातून उतरले ते सरनदीपच्या पर्वतावर, म्हणजे लंकेत, अशी कथा आहे; आणि जुने भाष्यकार सरनदीपला हिंदच्या मुलखात धरतात. आझादांनी हा धागा धरून मांडणी केली. आदम हे पहिले पैगंबर. मग पृथ्वीवर ईश्वरी संदेश पहिल्यांदा उतरला तो हिंदच्या भूमीवर. प्रेषित मुहम्मदांचं तेज आदमांच्या कपाळी आधीपासून होतं अशी श्रद्धा. तर ते तेजही प्रथम इथेच प्रकटलं. इथली सुगंधी झाडं-मसाले आदमांनी स्वर्गातून आणलेल्या पानांपासून उगवले, हीही कथा त्यात आली. आज आपण या कथांना इतिहास म्हणणार नाही. पण युक्तिवादाचा रोख पाहा : मक्का-मदिनेच्या पंडितांना ते त्यांच्याच ग्रंथांतून सांगताहेत की हिंदुस्थान हे इस्लामच्या काठावरचं परकं ठिकाण नाही.

दुसऱ्या भागात हिंदुस्थानी आलिमांची चरित्रं आहेत. अहमद सरहिंदी, अब्दुल हकीम सियालकोटी, मुल्ला महमूद जौनपुरी अशी मोठी माणसं त्यात आहेत. अरबी चरित्रकोशांत इथल्या विद्वानांना जागा मिळत नसे, ती उणीव आझादांनी भरून काढली. शेवटी स्वतःचंही चरित्र जोडलं. त्या काळच्या चरित्रकोशांचा तो रिवाजच होता.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या भागात आहे. तिसऱ्या भागात त्यांनी भारतीय अलंकारशास्त्र अरबीत आणलं. अरबांचं स्वतःचं अलंकारशास्त्र शतकानुशतकं घोटून पक्कं झालेलं. त्यांना कोणी बाहेरचा येऊन नवे अलंकार शिकवील, हे धाडसाचंच. आझादांनी इथल्या अलंकारांना अरबी नावं दिली, अरबी कवितेत त्यांची उदाहरणं शोधली, जिथे सापडली नाहीत तिथे स्वतः शेर रचले. काही अलंकार स्वतःच्या कल्पनेतूनही घातले.

चौथा भाग नायिकाभेदाचा. मराठी वाचकाला वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका, प्रोषितपतिका ही मंडळी शाहिरी लावणीतून आणि संस्कृत नाटकांतून ओळखीची असतात. आझादांनी त्यांना अरबी पेहराव चढवला. प्रियकर उशिरा, दुसरीच्या घरून आला म्हणून रुसलेली. प्रियकर परदेशी गेला म्हणून झुरणारी. रात्री संकेतस्थळी निघालेली. प्रत्येकीला अरबी संज्ञा आणि अरबी शेर. याच ओघात त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं : अरबी कवितेत प्रेम व्यक्त करतो तो पुरुष, स्त्रीविषयी, हिंदी कवितेत मात्र स्त्री बोलते आणि ती पुरुषासाठी व्याकूळ होते. तीन भाषांच्या कविता अंगात मुरल्याशिवाय असं निरीक्षण सुचत नाही. बिलग्रामच्या घरातल्या त्या दोन खोल्या इथे एक झाल्या. फारसी वाचकांसाठी याच दोन भागांचा त्यांनी पुढे 'गिजलान-उल-हिंद' नावाने अवतार केला. मूळ अरबी ग्रंथाची शिळाछापाची आवृत्ती 1886 मध्ये मुंबईत निघाली.

म्हणजे अरबीची निवड ही हौस नव्हती. फारसीत लिहून ते दिल्ली, लाहोर, इस्फहानपर्यंत पोचले असते. अरबी मात्र मोरोक्कोपासून मलायापर्यंतच्या आलिमांची सामाईक भाषा. भारतीय काव्यविचाराला त्या जगात मान मिळवून द्यायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'खजाना-ए-आमिरा' 1762-63 मध्ये लिहिला गेला, पानिपतानंतर दोनच वर्षांत. तो मुळात इतिहासग्रंथ नाही. आश्रयदात्यांकडून बक्षिसी मिळालेल्या फारसी कवींचा तो चरित्रसंग्रह. पण कवी आला की आश्रयदाता येतो आणि आश्रयदाता आला की त्याच्या लढाया येतात. त्या वाटेने निजाम घराणं, अहमदशहा अब्दाली, मराठे आणि पानिपत असा सगळा ऐवज या पुस्तकात शिरला.

शिवाय मराठे हा आझादांच्या दाराशी आलेला विषय होता. 1760 च्या आरंभी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पाडाव केला आणि तहात दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला. औरंगाबादहून खुलताबादला जाताना वाटेत लागणारा किल्ला. वर्षभराने, 14 जानेवारी 1761 ला, तेच भाऊ पानिपतावर पडले.

राजकारणाची झळ आझादांनी जवळून सोसली होती. त्यांचे स्नेही, निजामाचे दिवाण शाहनवाजखान यांनी मोगल उमरावांच्या चरित्रांचा 'मआसिर-उल-उमरा' हा प्रचंड ग्रंथ औरंगाबादेत रचला होता. सिंदखेडच्या जाधवरावांपासून शाहू महाराजांपर्यंत मराठी सरदार-राजेही त्यात आहेत. 1758 मध्ये फ्रेंच सेनानी बुसीचा दिवाण हैदरजंग मारला गेला आणि त्याच दंगलीत शाहनवाजखानांचाही खून झाला. घर लुटलं गेलं, हस्तलिखित गायब झालं. आझादांनी सुमारे वर्षभर शोध घेऊन विखुरलेले कागद मिळवले, लावले, प्रस्तावना आणि मित्राचं चरित्र जोडलं. पुढे खानांचा मुलगा अब्दुल हय याने त्यात भर घालून ग्रंथ पुरा केला. मराठ्यांच्या इतिहासाचं हे साधन आपल्यापर्यंत पोचलं, त्यामागे आझादांची ही खटपट आहे.

'खजाना-ए-आमिरा' वाचताना एक भान मात्र ठेवा. आझाद निजामाच्या पक्षातले. पेशव्यांच्या कारभाराबद्दल, विशेषतः दक्षिणी ब्राह्मण अधिकाऱ्यांबद्दल, त्यांनी कडवट लिहिलं आहे. इतरांच्या उपजीविकेची साधनं हे लोक काढून घेतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तो वाचून बाह्या सरसावण्याची गरज नाही आणि तो जसाच्या तसा स्वीकारण्याचीही नाही. इनामं, वतनं, मदद-ए-मआश (निर्वाहासाठी दिलेल्या) जमिनी यांवर जगणारा औरंगाबादेतला विद्वानवर्ग मराठी सत्तेच्या वाढीकडे कोणत्या धास्तीने पाहत होता, ते त्यातून कळतं. हे आपल्या बखरी सांगू शकत नाहीत. सैन्यांचे आकडे आणि रणांगणावरचे तपशील दुसऱ्या साधनांशी ताडून घ्या. ही धास्ती मात्र अस्सल आहे.

आझाद 1786 मध्ये वारले. खुलताबादला अमीर हसन सिज्जी या कवी-सुफीच्या कबरीजवळ त्यांना दफन केलं. कबरीची जागा त्यांनी हयातीतच तयार करून ठेवली होती. संतचरित्रांच्या त्यांच्या 'रौजत-उल-औलिया' या पुस्तकात खुलताबादच्या ज्या दहा संतांची माहिती आहे, त्यांत हे अमीर हसनही आहेत. तेव्हा खुलताबादला जाल तर फक्त औरंगजेबाची कबर पाहून परतू नका.