थिबा राजाचा वाडा आणि नकाशावरचे दोन दोरे

(इयत्ता चौथी)

मागच्या शनिवारी आमची तिसरी-चौथीची अर्ध्या दिवसाची सहल रत्नागिरीला थिबा राजवाडा बघायला गेली होती. गुरुजी आधीच म्हणाले होते, "मुलांनो, 'आम्हांला खूप मजा आली' असे लिहायचे नाही. काय पाहिले, काय विचारले आणि काय मोजले ते लिहायचे." म्हणून डब्यात कोणी काय आणले होते ते मी लिहीत नाही. फणसपोळी होती, एवढेच सांगते.

राजवाडा उंचावर आहे. लांबून दिसतो तो लाल रंग आणि उतरती कौलारू छपरे. खिडक्या लाकडी, वरून अर्ध्या गोल आणि नक्षीच्या. वरच्या मजल्यावर मोठे दालन आहे, त्याची जमीन संगमरवरी. आम्ही चपला काढून त्यावर उभे राहिलो. थंडगार लागली. खाली सरकारचे वस्तुसंग्रहालय आहे, त्यात जुन्या दगडी मूर्ती आहेत. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे.

एवढा मोठा वाडा, पण राजा त्यात सहाच वर्षे राहिला. आणि तो इथला राजाच नव्हता. आमच्या आजीला वाटायचे की थिबा म्हणजे रत्नागिरीचाच कोणीतरी जुना राजा. पुष्कळांना तसेच वाटते. म्हणून आता त्याची खरी माहिती लिहिते.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात. त्याची राजधानी मंडाले. तो १८७८ साली गादीवर बसला. गादीवर आल्यावर थोड्याच दिवसांत राजघराण्यातली पुष्कळ माणसे, अगदी त्याचे भाऊसुद्धा, मारली गेली. हे गुरुजींनी सांगितल्यावर आमच्यातल्या काहींना तो राजा आवडेनासा झाला. मलाही ते बरे वाटले नाही. पण खरे आहे ते लिहिले पाहिजे.

ब्रह्मदेशात सागवानाची मोठी जंगले होती आणि इंग्रजांना ती हवी होती. सागवान तोडणाऱ्या एका इंग्रज कंपनीला थिबाच्या दरबाराने दंड केला. तेच निमित्त झाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये लढाई झाली आणि ती थोड्याच दिवसांत संपली. राजा, राणी सुपायालात, धाकटी राणी आणि दोन लहान मुली यांना इंग्रजांनी मंडालेहून हलवले. आधी नदीतून रंगूनला, तिथून जहाजाने मद्रासला आणि मग परत जहाजाने रत्नागिरीला. एप्रिल १८८६ मध्ये ते इथे उतरले. तिसरी मुलगी मद्रासला झाली आणि चौथी रत्नागिरीत.

राजाकडे एक फार मोठे माणिक होते. पकडला त्या दिवशी ते एका इंग्रज अधिकाऱ्याने सांभाळायला म्हणून घेतले आणि परत दिले नाही, असे थिबाचे म्हणणे होते. ते माणिक त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "रत्न गेलं आणि रत्नागिरी मिळाली!" सगळे हसले, गुरुजीसुद्धा.

घरी आल्यावर आजीने विचारले, "राजा व्हता ना, मग पळून का नाय गेला?" हाच प्रश्न मी वाड्यात विचारला होता. पहिले कारण, त्याच्यावर पोलिसांचा पहारा असे. दुसरे कारण रत्नागिरीच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. पावसाळ्यात बोटी बंद. रेल्वे तर नव्हतीच. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला १९९८ साली! म्हणजे इंग्रजांनी मुद्दाम असे गाव शोधले, जिथून निघणे कठीण. आम्हांला एसटी चुकली की कसे होते, तसेच त्याचे, पण तीस वर्षे.

आला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. आधी इंग्रजांच्या बंगल्यांत राहिला. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला, तेव्हा ५७ वर्षांचा होता. सरकार त्याला पैसे देई, पण ते पुरत नसत. मग एकेक दागिना विकावा लागे. मला आधी वाटायचे की राजाला पैसे कमी पडतच नाहीत.

वाड्याजवळ थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र दिसतो. राजा दुर्बिणीतून जहाजे बघत बसे, असे लोक सांगतात. माझी मैत्रीण म्हणाली, "त्याला घरची आठवण येत असेल." पण गुरुजींनी आम्हांला सूर्य बघून दिशा ओळखायला लावल्या. समुद्र पश्चिमेला निघाला. ब्रह्मदेश तर पूर्वेला! म्हणजे राजा समुद्राकडे बघत असला, तर त्याचे घर त्याच्या पाठीमागे होते. हे कळल्यावर कोणीच काही बोलले नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत विशेष वाटली. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीत १८५६ साली झाला. त्यांना इंग्रजांनी १९०८ साली शिक्षा देऊन कुठे पाठवले? मंडालेला! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात, एकाच वेळी. टिळकांनी तिथे 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१४ मध्ये सुटून परत आले. राजा मात्र परत गेला नाही. त्याची समाधी शिवाजीनगरला आहे, आम्ही येताना बघितली. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली, तीही तिथेच आहे. समाधी रस्त्याजवळ आहे, तरी पुष्कळ लोक न बघताच पुढे जातात. डिसेंबर २०१२ मध्ये मात्र म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन एवढ्या लांबून तिथे नमस्कार करायला आले होते.

मोठ्या राणीला आणि मुलींना १९१९ मध्ये ब्रह्मदेशात जायला परवानगी मिळाली. गोष्ट इथे संपली असे मला वाटले होते, पण नाही. थोरल्या राजकन्येचे वाड्यातल्या एका मराठी नोकरावर प्रेम होते आणि त्यांना एक मुलगी होती. ही राजकन्या आईबरोबर रंगूनला गेली खरी, पण मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठी बोलायची. गरिबीत संसार केला. राजाची नात, पण शेणी थापायची आणि कागदाची फुले करायची.

राजाला जायचे होते, त्याला जाऊ दिले नाही. राजकन्या गेली आणि आपण होऊन परत आली. असे का, यावर वर्गात भांडण झाले. काही म्हणाले, प्रेमामुळे. काही म्हणाले, मुलीमुळे. माझी मैत्रीण म्हणाली, "ती लहानपणी इथे आली. तिला हेच गाव वाटणार ना!" ही मैत्रीण मे महिन्यात आईवडिलांकडे मुंबईला कायमची जाणार आहे. आमच्या वाडीत आताच सात घरांना कुलूप आहे, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. ती बोलली ते मला पटले.

पालकांसाठी सूचना : या लेखाच्या शेजारी आम्ही आशियाचा नकाशा लावला आहे. त्याचे प्रमाण १ सेंटीमीटरला १०० किलोमीटर. लाल दोरा रत्नागिरी ते मंडाले सरळ लावला आहे, तो साडेचोवीस सेंटीमीटर भरला, म्हणजे सुमारे २,४५० किलोमीटर. निळा दोरा राजाला आणले त्या वाटेचा : रंगून, मद्रास, श्रीलंकेला वळसा घालून रत्नागिरी. तो जवळजवळ दुप्पट भरला. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना टुटू आठवत असेल तर गुरुजींना सांगा. दोऱ्यांना हात लावू नका, डिंक अजून ओला आहे.