उत्सवाच्या दिवसांत व्यापारी-मेळावा : नागपूरच्या मारबतीच्या निमित्ताने एक अभ्यास

आपल्या लालबर्रा-वारासिवनी भागांतील धान्याच्या व्यापाऱ्यास भाद्रपद महिना तसा सवडीचा असतो. धान शेतांत उभे असते, गोदामांतील जुना माल बहुतांशी गेलेला असतो आणि नवे पीक दसरा-दिवाळीनंतरच बाजारांत यावयाचे असते. हंगामांत ज्यांच्याशी देवाणघेवाण करावयाची, त्या गिरणीवाल्यांस, अडत्यांस व वाहतूकदारांस एकदा सन्मानाने बोलवावे, चार घटका एकत्र बसावे, हा विचार याच महिन्यांत प्रत्येकाच्या मनांत येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांस बोलवावयाचे तर नागपूर सर्वांस सोयीचे. जुन्या मध्यप्रांताची ती राजधानी, आणि १९५६ मध्ये प्रांतांची फेररचना झाली तरी बालाघाटच्या व्यापाऱ्याचे नागपूरशी असलेले नाते तुटलेले नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की मेळावा मारबतीच्याच दिवशी ठेवावा. पाहुण्यांस मिरवणूकही दिसेल आणि कामही होईल. सूचना मोहक आहे. ती कितपत साधते आणि साधावयाची असल्यास काय काय पाहावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मारबत म्हणजे काय, हे तरुण बंधूंसाठी थोडक्यांत सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूरच्या इतवारी व जागनाथ बुधवारी भागांतून काळी व पिवळी अशा दोन मोठ्या मारबती निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळीचा संबंध भोसले घराण्यांतील बांकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीच्या निषेधाशी जोडला जातो. रोगराई व पीडा गावाबाहेर घेऊन जा, असे मारबतीस विनवीत लोक तिला मिरवितात व शेवटी तिचे दहन करितात. तिच्याबरोबर बडगे असतात. हे पुरुषाकृती पुतळे त्या-त्या वर्षीच्या अनिष्ट गोष्टींवर टीका करितात. महागाईवर बडग्या निघाला नाही असे वर्ष विरळाच. धान्याच्या व्यापाऱ्याने सज्जांत उभे राहून तो पाहावयाचा म्हणजे थोडे धैर्यच लागते! तेथे मनापासून हसता येत असेल त्यानेच पाहुण्यांस घेऊन जावे.

आता दिवसाचा प्रश्न. माझ्या मते निम्मी योजना यांतच आहे. पोळा २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला व २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. म्हणून गेल्या वर्षीची तारीख पाहून हॉटेलवाल्यास शब्द देणे धोक्याचे. पंचांग प्रथम उघडावे. आणि पंचांग उघडले की आपल्या समाजापुढे खरी अडचण उभी राहते. श्वेतांबर बंधूंचे पर्युषण श्रावणाच्या अखेरीस सुरू होऊन भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीने संपते. मारबतीचा दिवस त्याच्या ऐन मध्यावर पडतो, आणि त्या सुमारास उपाश्रयांत कल्पसूत्रांतील महावीर-जन्माचे वाचन असते. पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दिगंबर बंधूंचे दशलक्षण पर्व. त्याच दिवसांत गणेशोत्सव. त्यापुढे पितृपक्ष, ज्यांत अनेक हिंदू पाहुणे मेजवानीस येत नाहीत व नवा व्यवहारही बोलत नाहीत. त्यानंतर नवरात्र व दसरा.

दसऱ्याविषयी मी स्पष्टच लिहितो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून त्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांतील कितीतरी कुटुंबे वर्षभर पैसा साठवून, उभ्याने रेल्वेचा प्रवास करून आलेली असतात. त्या दोन-तीन दिवसांत शहरांतील खोल्या, गाड्या व पाणी यांवर पहिला हक्क त्यांचा. आपली मेजवानी दुसऱ्या कोणत्याही आठवड्यांत होऊ शकते. याच न्यायाने डिसेंबरांतील विधिमंडळाच्या अधिवेशनाचा काळही टाळावा. पण तेथे कारण केवळ भाड्याचे आहे.

मग मारबतीचा दिवस घ्यावा की नाही? यजमान मंडळी बहुसंख्य श्वेतांबर असल्यास घेऊ नये. मेळावा श्रावणांतच, पर्युषण सुरू होण्यापूर्वी उरकावा. व्रतांत असलेल्या सभासदास ‘या, नाही तर बरे दिसणार नाही’ असे कळविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र पाहुणे बहुतांशी इतर समाजांतील असतील व यजमानांपैकी चार-सहा जण आनंदाने मोकळे असतील, तर हरकत नाही. उपवास असलेला यजमान पंगतीत वाढतो आणि स्वतः जेवत नाही, यांत पाहुण्याचा अवमान होत नाही. उलट ज्याला हे ठाऊक असते तो त्या यजमानाचा शब्द अधिक मानतो. त्या दिवशी भावाची बोलणी मात्र काढू नयेत. ढोल-ताशांच्या आवाजांत झालेल्या सौद्यांतून पुढे वादच निघतात.

जागेविषयी. मिरवणुकीच्या मार्गावर इतवारीत व महालांत ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या माड्या असतात व सज्जा मिळतो. तो घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावा. जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे पावसाळ्यांत भिजलेले असतात. एका जागी दहा माणसे उभी राहावीत की पंचवीस, हे घरमालकास विचारावे, आणि त्याने सांगितलेल्या आकड्याहूनही कमीच माणसे न्यावीत. जिना अरुंद असल्यास वयोवृद्ध पाहुण्यांची बैठक खाली, ओट्याच्या आंत असावी. दुसरी गोष्ट ही की, त्या सज्जाखालच्या पायरीवर वर्षानुवर्षे उभी राहणारी शेजारपाजारची माणसे असतात. आपण पैसे दिले म्हणून दोरी बांधून त्यांस हटवू नये. जर्मनींतील म्यूनिक शहराच्या ऑक्टोबर-उत्सवांत कंपन्या आपल्या पाहुण्यांसाठी मंडपांतील मेजे राखून ठेवितात. परंतु प्रत्येक मंडपांत काही जागा सर्वसामान्यांसाठी मोकळी ठेवावीच लागते, असा नगरपालिकेचा नियम आहे. आपल्याकडे असा नियम नाही. तो आपणच पाळावा.

काही वर्षांपूर्वी एका पेढीने आम्हां तीसेक व्यापाऱ्यांस अशाच उत्सवास बोलाविले होते. निमंत्रणपत्र सुंदर, हॉटेल उत्तम. पण बस मिरवणुकीच्या मार्गालगत सोडावयाची ठरविलेली, आणि तो रस्ता पोलिसांनी सकाळीच बंद केलेला. दीड तास आम्ही बसमध्ये बसून होतो. दोघांस मधुमेह होता, त्यांच्याजवळ खावयास काही नव्हते. सायंकाळी जेवण आले ते दिवेलागणीनंतर, आणि त्यांतील अर्ध्या पदार्थांत बटाटा. आमच्यापैकी सात जण उठून गेले. पेढीचा खर्च मोठा झाला असावा. पुढील हंगामांत त्या सातांपैकी कोणी तिच्याकडे माल पाठविल्याचे मला आठवत नाही.

म्हणून रस्ते बंद राहणार असे गृहीत धरूनच योजना करावी. उतरण्याची जागा मिरवणुकीच्या भागापासून दूर, सीताबर्डी किंवा वर्धा मार्गाकडे असावी. डिसेंबर २०२२ पासून मेट्रोची पूर्वेकडील मार्गिका सुरू झाली आहे. तिची अग्रसेन चौक व चितार ओळ ही स्थानके इतवारीच्या बाजूस पडतात. पाहुण्यांस सीताबर्डीहून मेट्रोने आणावे आणि शेवटचा भाग पायी चालवावा, हे मोटारींच्या ताफ्याहून शंभर पटींनी बरे. आपल्याकडून जाणाऱ्यांनी बालाघाट-गोंदियामार्गे रेल्वे धरावी व आदल्या दिवशीच पोहोचावे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसच आधी मिळते, पूर्वीप्रमाणे १२० दिवस नाही. तो दिवस वहीत लिहून ठेवावा. गर्दीत मोबाईल लागत नाही, यासाठी प्रत्येक पाहुण्याच्या खिशांत माडीचा पत्ता व दोन यजमानांचे क्रमांक लिहिलेला कागद द्यावा. हा साधा कागद फार उपयोगी पडतो.

आता भोजन. मिरवणूक दिवसाची असल्याने मुख्य भोजन दुपारचेच ठेवावे. त्या दिवसांत नागपूरला सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. चौविहार करणाऱ्यास सायंकाळचे पान वाढावयाचे तर ते साडेपाचपर्यंत समोर आले पाहिजे, म्हणजे हात धुवून पाणी पिण्यास वेळ राहतो. आचाऱ्यास नुसते ‘जैन जेवण’ म्हणून सांगू नये. त्याच्या समजुतीने कांदा-लसूण वगळले की काम झाले. बटाटा, गाजर, मुळा, रताळे, आले, ओली हळद हे सर्व नको, सुंठ व हळदपूड चालते, असे एकेक नाव घेऊन सांगावे. चातुर्मासांत पालेभाजी अनेकांस वर्ज्य, आणि पर्वदिवसांत काही जण हिरवी भाजीच घेत नाहीत. त्यांच्यासाठी डाळी, कडधान्ये, पापडाची व गट्ट्याची भाजी असावी. कच्च्या दह्याबरोबर द्विदल न घेणारे पाहुणे असतात, म्हणून कढीचे दही आधी तापवून मग बेसन घालण्याविषयी आचाऱ्यास बजावावे, आणि दहीवडा ठेवूच नये. पिण्याचे पाणी पहाटे उकळून, झाकून, वेगळ्या भांड्यांत. त्याजवळ एक माणूस उभा करावा, नाही तर तहानलेला कोणीही त्यांत तांब्या बुडवितो.

तांदूळ मात्र आपल्या घरचा न्यावा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या धानाची शिफारस शंभर शब्दांत करण्यापेक्षा पाहुण्याच्या पानांत तो सुवासिक भात वाढावा. तूप, वरण आणि चिन्नोरचा भात यांपुढे हॉटेलांतील दहा पदार्थ फिके पडतात. पुऱ्या-पोळ्या असतील तर शंभर माणसांस आठ किलो तांदूळ पुरतो. भातावरच भर असल्यास दहा धरावा. सामान, आचारी व शेगड्या रस्ते बंद होण्यापूर्वी, पहाटेच, माडीवर पोहोचल्या पाहिजेत. जे शिजविलेले उरेल ते सायंकाळी झाडू मारणाऱ्या कामगारांस व बंदोबस्तावरील शिपायांस ताजे असतानाच द्यावे. त्यासाठी पत्रावळी व द्रोण अधिक आणून ठेवावेत.

खर्चाच्या बाबतीत तरुण मंडळी बेफिकीर असतात, म्हणून दोन शब्द. हॉटेलच्या खोल्यांवरील कर महाराष्ट्राचा लागतो. मध्यप्रदेशांत नोंदणी असलेल्या पेढीस त्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. जेवणावळीच्या व केटरिंगच्या करावरही ते सामान्यतः मिळत नाही. तेव्हा कराची रक्कम हा शुद्ध खर्चच समजून प्रथमपासून अंदाजांत धरावी. आचारी, मंडप, गाडी यांपैकी कोणासही एका दिवसांत दहा हजारांहून अधिक रोख देऊ नये. दिल्यास तो खर्च आयकरांत मान्य होत नाही. १ जुलै २०२२ पासून आणखी एक नियम लागू आहे : व्यवसायाच्या संबंधातून एखाद्यास वर्षभरांत वीस हजारांहून अधिक किमतीचा लाभ, भेटवस्तू किंवा सहलीच्या रूपाने दिल्यास त्यावर दहा टक्के कर कापून भरावा लागतो. ज्याची उलाढाल आदल्या वर्षी एक कोटीहून कमी अशा व्यक्तिगत धंद्यास हा नियम नाही. पण आपल्यांतील बहुतेक घाऊक व्यापारी त्या मर्यादेच्या वर आहेत. सर्व व्यापाऱ्यांसाठी खुली असलेली, मालाविषयी चर्चा हाच प्रधान हेतू असलेली सभा यांत येत नाही, निवडक गिऱ्हाइकांची मौजेची सहल येते. यासाठी मेळाव्याची विषयपत्रिका छापावी, उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात, सभा मिरवणुकीपूर्वी सकाळी आठ ते साडेनऊ अशी खरोखरच भरवावी आणि हे सर्व कागद त्या वर्षीच्या बिलांबरोबर बांधून ठेवावेत. पाहुण्यांस भेट द्यावयाचीच असेल तर चिन्नोरची दोन किलोची पिशवी पुरे. तिच्यावर पेढीचे नाव लहान व गावाचे नाव मोठे छापावे.