नाटकाबाहेर आलेले पद
संगीतकांतील पदांची मैफल करणाऱ्या तरुण कलावंतांपुढे एक अडचण नेहमी उभी राहते: मंचावर कथा नसते, नेपथ्य नसते, केवळ पद असते. या दृष्टीने १९३७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेले ‘बेब्स इन आर्म्स’ हे संगीतक अभ्यासण्याजोगे आहे. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते लॉरेन्झ हार्ट यांची. नट असलेले आईबाप दौऱ्यावर गेलेले; मागे राहिलेल्या मुलांना शेतावर कामाला धाडण्याचे घाटते आणि ते टाळण्यासाठी मुले स्वतःच एक खेळ उभा करतात.

त्यातील ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे पद व्हॅलेंटाइन याच नावाच्या तरुणाला उद्देशून आहे. ते प्रथम गाणारी मिट्झी ग्रीन तेव्हा अवघी १६ वर्षांची होती. पुढे पद नाटकातून सुटले, असंख्य गायकांच्या कंठी गेले आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. त्यातली प्रेमळ थट्टा नेमकी कोणाची, हे श्रोत्यांना उमगेनासे झाले.

म्हणून मैफलीत गाणाऱ्याने आधी विचारावे: हे कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणत आहे? उत्तर श्रोत्यांना सांगण्याचे कारण नाही. गायकाला ते ठाऊक असले, की त्याच्या उच्चारांतून व विरामांतून हरवलेले नाटक पुन्हा उभे राहते.