शेवळं पंधरा दिवसांतच कुठे जातात?

प्रश्न : दरवर्षी जूनमध्ये आमच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. पंधरा-वीस दिवसांत शेवळं अशी नाहीशी होतात की विचारलं तर 'आता पुढच्या वर्षी' एवढंच उत्तर मिळतं. इतर रानभाज्या तरी अधूनमधून दिसत राहतात. शेवळं एवढी थोडी का? ती खाजतात कशाने? सोबत काकडं घ्यायलाच हवीत का? आणि माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांत ती लावता येतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पुढच्या वेळी जुडी आणाल तेव्हा त्यातलं एक शेवळ भाजीत न घालता उभं चिरून बघा. बाहेरून जांभळट-तपकिरी आवरण दिसतं, ते केळफुलाच्या पाकळीसारखं गुंडाळलेलं असतं. त्याच्या आत एक दांडा. दांड्याच्या तळाशी बारीक मादीफुलं दाटीने बसलेली, त्यांच्या वर पिवळा, दाणेदार नरफुलांचा पट्टा, आणि त्याच्याही वर गुळगुळीत लांबट शेंडा. म्हणजे आपण ज्याला भाजी म्हणून घेतो तो अख्खा फुलोरा आहे, तोही न उमललेला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मोगऱ्याच्या कळ्यांना जसा हंगाम असतो तसाच शेवळाला असतो.

शेवळ हे सुरणाचं रानातलं भावंड. शास्त्रज्ञ दोघांनाही 'अमॉर्फोफॅलस' या एकाच प्रजातीत धरतात. सुमात्रा बेटावर या कुळातलं एक महाकाय फूल सापडतं. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन निसर्ग-अभ्यासकाने १८७८ साली ते जगापुढे आणलं आणि १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात ते फुललं. माणसाहून उंच वाढणारं ते फूल पाहायला आजही जगभर रांगा लागतात. त्याचा वीतभर-हातभर नातेवाईक आपल्याकडे टोपलीत जुडी बांधून मिळतो, याचं मला दर जूनमध्ये नव्याने अप्रूप वाटतं.

शेवळाचा कंद उन्हाळाभर जमिनीखाली निपचित पडून असतो. वर काडीही दिसत नाही. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस जमिनीत मुरला की तो जागा होतो, आणि सर्वांत आधी पानाऐवजी फुलोराच वर पाठवतो. मागच्या पावसाळ्यात साठवलेल्या पिठाच्या बळावर हे सगळं चालतं. फुलोरा उमलला की सडल्यासारखा वास सुटतो आणि त्या वासाला कीटक येतात. या कुळात मादीफुलं आधी तयार होतात आणि नरफुलांचे पराग नंतर सुटतात, त्यामुळे कीटकाने दुसऱ्या शेवळाचे पराग आणावेत अशी सोय आपोआप होते. उमललेलं शेवळ कुणी खात नाही. म्हणून तोडणाऱ्या बायकांना कळी जमिनीवर आल्यापासून उमलेपर्यंतचे मोजके दिवसच मिळतात. एकेका टेकडीवरचे कंद थोड्याफार फरकाने एकदमच जागे होत असल्याने शेवळं आली तशी संपतात. त्यानंतर त्याच कंदातून छत्रीसारखं एकच पान येतं, पावसाळाभर अन्न तयार करतं, कंद भरतं आणि पाऊस सरल्यावर वाळून जातं. ९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या सुमारास गावोगाव रानभाजी महोत्सव भरतात, तिथे तुम्हाला शेवळं सापडणार नाहीत ती यामुळेच. तेव्हा डोंगरावर शेवळाची पानं डोलत असतात.

आता खाजेचं. शेवळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काड्यांच्या मोळीसारख्या बांधलेल्या दिसतात. पेशी फुटली की सुया बाहेर पडून जिभेत, घशात, हाताच्या कातडीत रुततात. अळू आणि सुरण खाजतात तेही याच कारणाने. नुसत्या टोचण्याने मात्र एवढी आग होत नसते. या सुयांसोबत एक दाहक प्रथिनही असतं असं अळवर्गातल्या वनस्पतींच्या अभ्यासात दिसलं आहे, आणि प्रथिन म्हटलं की ते उष्णतेने निकामी होतं. शेवळं भरपूर शिजवायची असा दंडक आहे त्यात हेच शहाणपण आहे. घाईघाईने परतून काढण्याची ही भाजी नव्हे.

माझ्या आजीची रीत सांगतो, ती मी आजही पाळतो. चिरण्याआधी हात अगदी कोरडे करायचे आणि कोपरापर्यंत तेल चोळायचं. बाहेरचं निबर आवरण काढायचं. आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग खरवडून टाकायचा, कारण घसा धरतो तो मुख्यतः त्याने. उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं, मग आंबट घालून मऊ होईपर्यंत शिजवायचं. एका वर्षी पाहुणे दारात होते म्हणून मी शिजवणं अर्ध्यावर आटोपलं. रात्रभर घरातल्या सगळ्यांचे घसे खवखवत होते, आणि माझी धाकटी पुतणी त्यानंतर दोन वर्षं शेवळाला शिवली नाही.

आंबट म्हणजे काकडं. काकड हा आपल्या डोंगरातला मोठा पानझडी वृक्ष. त्याची हिरवी, आवळ्याएवढी आंबट-तुरट फळं नेमकी याच दिवसांत येतात. उकडून, बी काढून गर भाजीत घालायचा. शेवळं विकणाऱ्या ताई जुडीबरोबर मूठभर काकडं देतात ती वरकड म्हणून नाही, ती पाककृतीचाच भाग आहेत. काकडं न मिळाल्यास चिंच हात सैल सोडून घाला. नुसत्या आंबटावर भिस्त ठेवून शिजवणं मात्र कमी करू नका, कारण चिंचेच्या कोळात या सुया मिठासारख्या विरघळून जात नाहीत. सीकेपी घरांत शेवळाची कणी खिमा किंवा कोळंबी घालून करतात, तीही अशीच निवांत शिजते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ऑक्झलेटमुळे ही भाजी टाळलेलीच बरी.

कुंडीचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. लावता येतील. पण कंद आणायला डोंगरावर कुदळ घेऊन जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. शेवळ जमिनीलगत हलक्या हाताने तोडलं तर कंद शाबूत राहतो आणि पुढे त्याला पान येतं. कंदच उपटला तर त्या जागेवरचं शेवळ कायमचं संपतं. हे झाड प्रामुख्याने आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातलं आहे, दुसरीकडून आणून भर घालू अशी सोय नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात काहीही तोडायला मनाई आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांना दिला आहे. शेवळांवर पोट असलेल्या बाईकडून जुडी घेणं आणि आपण मोटारीतून जाऊन पोतं भरून आणणं, या दोन गोष्टी माझ्या लेखी सारख्या नाहीत. जुडीचा भाव करतानाही हे आठवावं. पहाटे पावसात डोंगर चढून, एकेक कळी हुडकून ती जुडी बांधलेली असते.

कुणाच्या बांधावर, आंबराईत शेवळं उगवत असतील तर मालकाला विचारून चार कंद मागून घ्या. मोठी, खोल कुंडी घ्या. निम्मी माती आणि निम्मं कुजलेल्या पानांचं खत, तळाशी विटांचे तुकडे, पाणी तुंबता कामा नये. कंद वीतभर खोल लावा. कुंडी झाडाच्या सावलीत, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी ठेवा. पावसाळ्यात पान तगडं राहील हे पाहा, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानाच्या कमाईवरच येतं. दिवाळीच्या आसपास पान पिवळं पडलं की पाणी बंद करा आणि कुंडी मेअखेरीपर्यंत कोरडीच राहू द्या. इथे बहुतेकांचा जीव राहत नाही. मेली वाटून ते पाणी घालतात आणि कंद कुजतो. लहान कंदाला दोन-तीन वर्षं नुसतं पानच येईल, तेव्हा धीर धरा. आलेल्या कळ्यांपैकी एखादी तरी न तोडता उमलू द्या. घरात वास येईल, पण दोन-तीन शेवळं एका वेळी फुलली आणि कीटकांची कृपा झाली तर दांड्यावर फळांचं कणीस धरतं, आणि त्या बियांतून तुमची स्वतःची रोपं होतात.

एक इशारा देऊन ठेवतो. रानात याच दिवसांत सापकांदा फुलतो. त्याचं फूल फणा काढलेल्या नागासारखं वर वाकलेलं असतं. तोही खाजरा, आणि ओळख नसलेल्याच्या हाताला लागू नये असा. पहिली दोन-तीन वर्षं जाणत्या माणसाने हातात दिलेलंच शेवळ खा.

प्रश्न : करटोल्याचं बी पेरलं. वेल मांडवभर पसरला, पिवळी फुलंही भरपूर आली. फळ एकही नाही. खत कोणतं घालू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खताने हे होणार नाही. करटोल्याचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. तुमचा वेल नर असावा. फुलाच्या मागे पाहा. मादीफुलाच्या बुडाशी इवलंसं काटेरी करटोलं आधीपासूनच दिसतं, नरफुलामागे नुसता देठ असतो. बियांपासून लावलेला वेल नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून जाणकार मादी वेलाचा कंदच लावतात. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो, तेव्हा तुमचा वेल काढून टाकू नका, त्याला जोडीदारीण शोधा. फुलं संध्याकाळी उमलतात. त्याच वेळी नरफूल खुडून मादीफुलावर हलकेच टेकवलं की काम होतं, कारण शहरातल्या गच्चीवर कीटकांचा भरवसा धरता येत नाही. थंडीत वेल वाळेल. तेव्हा कुंडी ओतू नका, खाली कंद जिवंत आहे.