हुजूर पक्षाचा पराभव आणि करवीरचा एक विद्यार्थी

सन २०२४ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडांत पार्लमेंटची निवडणूक झाली, तींत हुजूर पक्षास ६५० पैकीं अवघ्या १२१ जागा मिळाल्या. त्या पक्षाच्या लांबलचक इतिहासांत इतकी नामुष्की पूर्वीं कधींही ओढवली नव्हती. याच्या आधींचा नीचांक १९०६ सालचा. तो एकशें अठरा वर्षें अबाधित राहिला होता. ही तुलना ज्यांनीं वाचली असेल, त्यांपैकीं थोड्यांसच हें ठाऊक असेल, कीं १९०६ च्या त्या पराभवापूर्वीं कांहीं महिने आपल्या कोल्हापुरांत शिकलेले एक गृहस्थ इंग्लंडांत ठिकठिकाणीं फिरून तेथील मतदारांस हिंदुस्थानची कैफियत ऐकवीत होते. त्यांचें नांव गोपाळ कृष्ण गोखले. त्यांना जो सत्तापालट हवा होता तो झाला. मग पुढें काय झालें? हा प्रश्न विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनींही विचार करण्याजोगा आहे, म्हणून आम्ही तो येथें घेतला आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. इंग्लंडांतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' पक्षास आपल्या जुन्या पत्रकर्त्यांनीं 'हुजूर पक्ष' असें नांव दिलें, आणि तें आम्हांस फार समर्पक वाटतें. राजसत्ता, सरकारमान्य चर्च, मोठे जमीनदार आणि साम्राज्य यांची पाठराखण करणारा तो पक्ष. त्याच्या समोर लिबरल म्हणजे उदारमतवादी पक्ष होता. मजूर पक्ष त्या वेळीं नुकता कोठें रांगूं लागला होता. १८९५ पासून १९०५ पर्यंत सलग दहा वर्षें हुजूर पक्षाचें राज्य होतें. १९०० च्या निवडणुकींत, दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धाच्या उन्मादांत, त्या पक्षास व त्याच्या मित्रांस मिळून चारशेंच्या आसपास जागा मिळाल्या होत्या.

१९०२ च्या जुलैंत वृद्ध लॉर्ड सॉल्स्बरी यांनीं मुख्य प्रधानपद सोडलें व तें त्यांचे भाचे आर्थर बाल्फोर यांच्याकडे गेलें. मामानें उठावें व भाच्यानें बसावें इतकाच तो बदल होता. धोरण तेंच आणि बहुतेक माणसेंही तींच. योगायोग असा, कीं त्याच सुमारास आपले शाहू छत्रपति सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठीं विलायतेंत होते. ते तिकडे असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, करवीर सरकारचा जाहीरनामा निघाला, कीं यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. एकाच महिन्यांत लंडनांत माणूस बदलला व धोरण राहिलें. करवीरांत माणूस तोच राहिला व धोरण बदललें. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

बाल्फोर यांच्या सरकारवर इंग्रज जनता कां चिडली, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण आमच्या मतें सर्व कथेची किल्ली तेथेंच आहे. बोअर युद्ध चार महिन्यांत संपेल असें लोकांस वाटलें होतें. तें १८९९ च्या आक्टोबरपासून १९०२ च्या मेपर्यंत लांबलें. पैसा व माणसें तर खर्ची पडलींच, पण बोअर बायकामुलांस छावण्यांत कोंडून ठेवल्यानें तेथें हजारों जीव गेले, याची लाज पुष्कळ सज्जनांस वाटली. लढाई संपल्यावर ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत पन्नास हजारांहून अधिक चिनी मजूर करारानें नेण्यांत आले. ही गुलामगिरीच नव्हे काय, असा गवगवा झाला. इकडे घरीं, टॅफ व्हेल रेल्वेच्या खटल्यांत १९०१ सालीं न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला, कीं संपामुळें मालकाचें जें नुकसान होईल तें कामगारसंघानें भरून द्यावें. संप करणेंच त्यामुळें अशक्य झालें, आणि सरकारनें कायदा बदलण्याचें मनावर घेतलें नाहीं. १९०२ च्या शिक्षणाच्या कायद्यानें चर्चच्या शाळांस स्थानिक करांतून पैसा मिळूं लागला, तेव्हां त्या चर्चबाहेरील पंथांच्या लोकांनीं कर देण्याचें नाकारलें. कित्येकांचीं भांडींकुंडीं लिलावांत निघालीं, कांहीं तुरुंगांतही गेले. पण पैसा आमचा व धर्मशिक्षण दुसऱ्याचें हें चालणार नाहीं, या म्हणण्यापासून ते ढळले नाहींत.

या सर्वांवर कळस चढविला तो जोसेफ चेंबर्लेन यांनीं. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसवावी व साम्राज्यांतील मालास सवलत द्यावी, अशी मोहीम त्यांनीं १९०३ मध्यें उघडली व तिच्यासाठीं मंत्रिपदही सोडलें. पण जकात आली म्हणजे धान्य महागणार! लिबरल पक्षाचे लोक सभांतून दोन पाव दाखवीत: हा मोठा पाव आजचा, आणि हा चिमुकला पाव जकातीनंतरचा. राजकारणाचे मोठमोठे ग्रंथ जें शिकवूं शकत नाहींत तें दोन पावांनीं गृहिणींस शिकविलें. खुद्द हुजूर पक्षांत या प्रश्नावर दोन तट पडले, आणि बाल्फोरसाहेब दोन्ही तटांस गोंजारीत राहिले.

इकडे हिंदुस्थानांत त्याच पक्षाचे लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होते. त्यांच्या हुशारीविषयीं किंवा उद्योगाविषयीं वाद नाहीं. प्राचीन इमारतींच्या रक्षणाबद्दल तर त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण लोकमत म्हणून कांहीं वस्तु या देशांत असूं शकते, हेंच त्यांस मान्य नव्हतें. कलकत्त्याच्या म्युनिसिपालिटींतील लोकप्रतिनिधींचें बळ त्यांनीं कमी केलें, १९०४ च्या कायद्यानें विश्वविद्यालयें सरकारच्या मुठींत आणलीं, आणि शेवटीं १६ आक्टोबर १९०५ पासून बंगालचे दोन तुकडे केले. तेव्हां वंगभंगाविरुद्ध जो क्षोभ उसळला, त्यांतून स्वदेशी व बहिष्कार हीं दोन शस्त्रें निघालीं. वंगभंग अमलांत येण्यापूर्वींच कर्झनसाहेबांनीं राजीनामा दिला होता खरा. पण तो लोकमतास मान देऊन नव्हे, तर सेनापति किचनेर यांच्याशीं झालेल्या तंट्यांत विलायतेच्या सरकारनें किचनेरांची बाजू घेतली म्हणून.

अशा वेळीं राष्ट्रसभेनें गोखले व लाला लजपतराय यांस इंग्लंडला पाठविलें. गोखल्यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. वडील कागलच्या जहागिरींत नोकरीस होते. ते वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून कागलासच नोकरी धरली. पगार पंधरा रुपये, त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरांत शिकणाऱ्या धाकट्या गोपाळास पाठवीत, असें चरित्रकार सांगतात. राजाराम हायस्कूल व राजाराम कॉलेज यांत शिकून हा मुलगा पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं पदवीधर झाला. आज आपल्या शहरांत त्यांच्या नांवाचें कॉलेज आहे. पण त्या नांवामागील आठ रुपये किती जणांस आठवत असतील?

१९०५ च्या शरदृतूंत सुमारे पन्नास दिवसांत गोखल्यांनीं चाळिसांहून अधिक व्याख्यानें दिलीं. मँचेस्टरलाही ते गेले. बहिष्कार पडला होता तो तेथल्याच कापडावर. तेव्हां बहिष्कार कां पडला हें तेथल्याच गिरणीवाल्यांस समजावून सांगणें, हें धैर्याचें काम होतें. त्यांच्या भाषणांत आदळआपट नसे, आंकडे असत. १८९७ सालीं प्लेगच्या शिपायांविरुद्ध केलेले आरोप पुराव्याअभावीं मागें घेऊन त्यांस माफी मागावी लागली होती. त्या प्रसंगाची आंच ज्यास लागली आहे तो माणूस शब्द मोजूनच टाकणार.

४ डिसेंबर १९०५ रोजीं बाल्फोर यांनीं राजीनामा दिला. लिबरलांत आपसांत फाटाफूट होऊन त्यांस मंत्रिमंडळ बनवितां येणार नाहीं, अशी त्यांची अटकळ होती. ती साफ चुकली. कॅम्बेल-बॅनरमन मुख्य प्रधान झाले, आणि भारतमंत्री झाले जॉन मोर्ले, ग्लॅडस्टनचे चरित्रकार व स्वातंत्र्याचे भाष्यकार, ज्यांचे ग्रंथ येथील सुशिक्षितांनीं भक्तीनें वाचले होते. त्याच महिन्यांत काशीस राष्ट्रसभा भरली, गोखले अध्यक्ष होते. कर्झनशाहीस जोड शोधावयाची तर औरंगजेबापर्यंत मागें जावें लागेल, असें ते त्या भाषणांत म्हणाले; आणि मोर्ले यांच्या ग्रंथांचे आपण शिष्य आहों, हें सांगून त्यांनीं नव्या भारतमंत्र्यांकडून मोठी आशा व्यक्त केली. जानेवारींत मतदान सुरू झालें. ६७० जागांच्या पार्लमेंटांत हुजूर पक्ष व त्याचे मित्र मिळून एकशें साठही राहिले नाहींत. मँचेस्टरमध्यें खुद्द बाल्फोर पडले.

आणि फेब्रुवारी १९०६ मध्यें त्याच मोर्ले यांनीं पार्लमेंटांत सांगितलें, कीं वंगभंग ही आतां ठरून गेलेली गोष्ट आहे!

असें कां झालें? मोर्ले ढोंगी होते, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. ज्या रागानें जुनें सरकार पडतें, त्याच रागाचें निवारण नवें सरकार करतें. नव्या सरकारनें १९०६ मध्येंच कायदा करून कामगारसंघांस संपाच्या नुकसानभरपाईंतून सोडविलें. जकात आली नाहीं, पाव स्वस्त राहिला. ट्रान्सवालास स्वराज्य मिळालें, चिनी मजुरांची भरती थांबली. ज्यांनीं मत दिलें त्यांस मताचें मोल मिळालें. कर न देणाऱ्या पंथांसाठींही सरकारनें विधेयक आणलें. तें सरदारसभेनें बुडविलें, ही गोष्ट निराळी. पण बंगालच्या तुकड्यांसाठीं मँचेस्टरच्या कोणत्या विणकरानें मत टाकलें होतें? इंग्लंडांतील असंतोष व हिंदुस्थानांतील असंतोष एकाच सरकारावर रोखलेले होते, एवढ्यावरून ते एकच आहेत असें आपल्या पुढाऱ्यांनीं मानलें. दुसऱ्याच्या गाडींतून आपण प्रवास केला, तरी गाडी ज्याची तिचा मुक्कामही तोच ठरविणार.

पुढील तीन वर्षें तर फारच कठीण गेलीं. ज्या लजपतरायांनीं गोखल्यांबरोबर इंग्लंडांत सभा गाजविल्या, त्यांसच मे १९०७ मध्यें, म्हणजे अवघ्या दीड वर्षानें, १८१८ च्या एका जुनाट रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून उचलून मंडालेस नेलें, नोव्हेंबरांत सोडलें. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशीं त्यांस बावन्न वर्षें पुरीं होत होतीं. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. त्या लाटेंतून आपलें कोल्हापूरही सुटलें नाहीं. राजाराम कॉलेजांत प्राध्यापकी केलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांस 'विश्ववृत्त' मासिकांतील एका लेखाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखालीं तुरुंगांत जावें लागलें. हें सर्व उदारमतवादी मंत्रिमंडळाच्या अमलांत घडलें. कठोर शिक्षांविषयीं मोर्ले आपल्या खासगी पत्रांतून व्हाइसरॉयकडे नाराजी कळवीत असत. पण पत्रांतील नाराजीनें तुरुंगाचा दरवाजा उघडत नाहीं.

तथापि न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०७ मध्यें भारतमंत्र्याच्या कौन्सिलांत दोन हिंदी गृहस्थ प्रथमच घेतले गेले, १९०९ मध्यें सत्येंद्र प्रसन्न सिंह व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांत आले, आणि त्याच वर्षीं कायदेकौन्सिलें वाढलीं. गोखले १९०६ मध्यें मोर्ले यांस वरचेवर भेटत होते. त्या भेटी अगदींच वाया गेल्या नाहींत. हुजूर पक्षाच्या अमलांत हें घडलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र त्याच कायद्यांत स्वतंत्र मतदारसंघांचें बीजही पेरलें गेलें, व त्याचें पीक पुढच्या पिढ्यांनीं कापलें.

आणि ती 'ठरून गेलेली गोष्ट'? १२ डिसेंबर १९११ रोजीं दिल्लीच्या दरबारांत पंचम जॉर्ज यांनीं ती मोडल्याचें जाहीर केलें. विलायतेंत सत्तापालट झाला नव्हता. लिबरल पक्षच अधिकारावर होता. मधल्या सहा वर्षांत बदललें होतें तें बंगाल. घराघरांतून विलायती कापड गेलें होतें, शाळा ओस पडून राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या, माणसें फांसावर गेलीं होतीं. यांतील प्रत्येक मार्ग गोखल्यांस पसंत होता असें नाहीं. कांहीं तर त्यांस मुळींच पसंत नव्हते.

गोखल्यांची स्वतःची सर्वांत लाडकी योजना मात्र याच काळांत बुडाली. प्राथमिक शिक्षण हळूहळू सक्तीचें व मोफत करावें, असें बिल त्यांनीं मार्च १९११ मध्यें व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत आणलें. वर्षभर त्यासाठीं ते देशभर झटले. मार्च १९१२ मध्यें तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. लंडनांत उदारमतवादी, कौन्सिलांत वाढलेले सभासद, आणि तरीही मुलें शाळेबाहेरच! १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले. ज्या शहरांत भावाच्या आठ रुपयांवर ते शिकले, त्या शहराच्या राज्यांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.