संबंध, फल आणि आलेख

तापमापकावर ३९ अंश सेल्सिअस दिसले, तर फॅरनहाइटमध्ये उत्तर एकच हवे: १०२.२. एका नोंदीची दोन उत्तरे निघू लागली, तर रोग्याला ताप किती हे सांगताच येणार नाही. फलाची व्याख्या याच अपेक्षेतून समजून घेऊ.

क्रमित जोड्यांचा कोणताही संच म्हणजे संबंध. ज्या संबंधात प्रत्येक पहिल्या घटकाशी एक आणि एकच दुसरा घटक जोडलेला असतो, त्यास फल म्हणतात. सेल्सिअस अंश क्ष आणि फॅरनहाइट अंश य मानल्यास य = १.८क्ष + ३२ हे फल होय. (०, ३२) व (१००, २१२) हे बिंदू आलेखकागदावर स्थापन करून जोडा. सरळ रेषा मिळेल. रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा घ्यावाच; आकडेमोडीतील चूक तोच दाखवतो. येथे (५०, १२२) रेषेवर येतो का, ते पाहा.

आता क्ष = य² घ्या. क्ष = ४ असता य च्या किमती २ आणि -२ अशा दोन येतात. हा संबंध आहे, फल नव्हे; क्ष = ४ ही उभी रेषा आलेखाला दोन बिंदूंत छेदते. य = क्ष² मध्ये मात्र २ व -२ या दोहोंसाठी ४ हेच उत्तर येते, तरीही ते फलच. विद्यार्थी गफलत करतात ती येथे.

स्वाध्याय : क्ष² + य² = २५ हे फल आहे का? क्ष = ३ घेऊन ठरवा.